शकूच्या झोळीतलं लाकूड

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या खरादीवर, लाकूड कातायच्या यंत्रावर, पलंगाचा पाय चढवलेला होता. सकाळचे नऊ वाजले असतील. चेरीतालहून तिच्या शेजारणीची मुलगी बोलत होती, "मामाजी, मौसी उठ नहीं रहीं..." मी म्हणालो, येतो. अन् फोन ठेवून पाय पुरा केला. अर्धवट लाकूड खरादीवर सोडून मी कधी उठलो नाही, त्या दिवशीही उठलो नाही. रेजमाल, म्हणजे घासायचा कागद, मारला, तेलाचा हात दिला, मग शटर ओढलं. जबलपूरच्या गोहलपुरात माझं हे दुकान पंचेचाळीस वर्षांचं आहे. लाटणी, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय. माझ्या हातचं लाटणं कुणीही गालावर फिरवून पाहावं, एक कुसळ लागलं तर माझं नाव बदलावं. हे आधीच सांगून ठेवतो, काहून की पुढं जे सांगायचं आहे त्यात ते लागणार आहे.

पेपरात बातमी मीच दिली. मराठी मंडळातल्या मुलानं विचारलं, काका, कशानं गेली लिहू? मी म्हणालो, लिही, अल्पशा आजाराने. सोळा वर्षं माझी बहीण रोज गोळ्या घेत होती. एचआयव्हीच्या. शेवटी छातीत टीबी शिरला अन् तिला घेऊन गेला. सोळा वर्षांच्या आजाराला मी अल्पसा केला... त्या दोन शब्दांपायी हे लिहून राहिलो आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. चुका असतील त्या छापणाऱ्यानं सुधाराव्या, गोष्ट मात्र सुधारू नये.

शकू माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, म्हणून तिचं लग्न मीच केलं. स्थळ मी पाहिलं, मुलगा मी पसंत केला. स्वतःचा ट्रक, नागपूर-जबलपूर फेऱ्या, घरी मराठी बोलणारा. लग्नाआधी एका जुन्या ओळखीच्या माणसानं कानावर घातलं होतं की पोरगा बाहेर बायांकडं जातो, गरमीचं औषधही घेऊन झालं आहे. मी त्यालाच दुकानातून हाकललं. म्हणालो, गडीमाणूस आहे, बायको आली की घरी राहील. तो घरी राहिला, पण शेवटची दोन वर्षं, अंथरुणावर. तो गेल्यावर तिचं रक्त तपासलं. रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडं आली तेव्हा मी विचारलं, कुणाला सांगितलं तर नाहीस ना? एवढंच विचारलं.

ती लपून राहील असं मला वाटलं होतं. ती एका संस्थेत लागली अन् बायपासवरच्या ट्रक अड्ड्यावर जायला लागली. खांद्यावर कापडी झोळी, झोळीत निरोधची पाकिटं. ड्रायव्हर-क्लीनर चहाला बसले की त्यांच्या मधोमध उभी राहून सांगायची, पाकीट दातानं फाडायचं नाही, टोक चिमटीत धरून हवा काढायची, एकावर एक दोन चढवायचे नाहीत. लघवीला जळजळ झाली, तिथं फोड आला की भोंदूकडं नाही, सरकारी दवाखान्यात, अन् एकट्यानं नाही, बायकोलाही घेऊन. हे सगळं मला लोकांनी येऊन सांगितलं. कोणी हसून, कोणी चांगलं वाटावं म्हणून. मला दोन्ही सारखंच झोंबलं. मी तिच्याकडं जाणं कमी केलं.

मग एक दिवस ती दुकानात आली. वेताच्या मोढ्यावर बसली, इकडचं तिकडचं बोलली, अन् म्हणाली, "दादा, एक लाकडाचं करून दे."

मी विचारलं, काय? तिनं सरळ सांगितलं. पुरुषाचं असते तसं. चढवून दाखवायला लागते, तोंडी सांगून कोणाला समजत नाही. संस्थेकडं प्लास्टिकचं एक होतं, ते चार बायांत फिरून तुटलं. काकडी नेऊन पाहिली तर शेवटी एका क्लीनरनं मीठ मागितलं.

ती हसली. मी नाही हसलो. मी म्हणालो, देवघराचे खांब केलेत या हातांनी.

"म्हणूनच तर तुझ्याकडं आली ना. खराद्याची बहीण काकडी घेऊन फिरून राहिली, बरं दिसते का?"

मी नाही म्हणालो. ती पुन्हा आली, मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा माझ्यापुढं गिऱ्हाईक उभं असताना म्हणाली, "तुला लाज वाटते दादा, अन् मला वेळ नाही." गिऱ्हाईक ऐकून राहिलं होतं, म्हणून मी म्हणालो, हो, करतो, जा. जाताना ती दारात थांबली. म्हणाली, तेल लावू नको बरं, रबराला तेल लागलं की फाटते, खोबरेल चोपडणाऱ्यांनाही मी तेच सांगते.

पुढची गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही. मी टाकाऊतला बाभळीचा तुकडा काढला. बाभूळ कडक, रेशाची. नीट घासली नाही तर हाताला लागते. तो खरादीवर चढवला अन् पटाशीनं दहा मिनिटांत आकार दिला. नजर दुसरीकडं ठेवूनच केलं म्हणा ना. अन् तसाच उतरवला. रेजमाल मारला नाही. चार आण्याच्या भोवऱ्यालाही मी रेजमाल मारून दिला आहे. त्याला नाही मारला, रागानं नाही मारला. तिला हातात धरताना बोचावं, कळावं की भावाला काय करायला लावलं... ती घ्यायला आली तेव्हा तिनं त्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "तेल नको म्हणालीस ना?" तेल नको म्हणाली होती ती. रेजमाल नको, असं नव्हती म्हणाली. तिनं ते पदरात गुंडाळलं अन् गेली. त्यानंतर त्या वस्तूचा विषय आमच्यात निघाला नाही. दिवाळीला यायची, भाऊबीजेला ओवाळायची, मी ताटात साडी ठेवायचो. ती झोळी बाहेर चपलांजवळ ठेवून यायची. आत आण, असं मी कधी म्हणालो नाही.

शेवटच्या महिन्यात, तिला घरी सोडण्याआधी, दवाखान्यात पाहायला गेलो. आवाज राहिला नव्हता. दुकान चालू आहे ना, एवढं तिनं घशातल्या घशात विचारलं. मी म्हणालो, चालू आहे. मला वाटलं होतं आणखी काही विचारेल.

तेरवीला चेरीतालच्या तिच्या खोलीत माणसं किती येतील म्हणून मी वीस पानं सांगितली होती. दुपारपर्यंत गल्लीत चपला मावेनात. बाया होत्या, ड्रायव्हर होते, एक म्हातारा ढाबेवाला होता. बरगीकडचा हरप्रसाद नावाचा ड्रायव्हर बायकोला घेऊन आला होता. पन्नाशीचा, हाडं वर आलेली. जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. दीदीचा भाऊ म्हणून पाया पडला अन् आपण होऊन सांगायला लागला. अड्ड्यावर दीदी लाकूड घेऊन पहिल्यांदा आली तो दिवस त्याला आठवत होता.

"दादाजी, चढ़ाया तो फट गया। दूसरा चढ़ाया, वो भी फट गया। हम लोग इतना हँसे... मैंने ही कहा, दीदी, लकड़ी पे नहीं टिका तो हम पे क्या टिकेगा।"

दीदी म्हणत राहिली की माल चांगला आहे, लाकडाला फास आहे, कुसळं आहेत. कोणी ऐकलं नाही. बहाणा वाटला. त्या दिवशी कोणी पाकीट उचललं नाही, त्यानंही नाही. गाडी घेऊन गेला, अड्ड्यावर पुन्हा आला तो वर्षाभरानं. तोवर दीदी तेच लाकूड घेऊन यायची अन् आता काही फाटत नव्हतं. पण याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता तो अन् त्याची बायको, दीदी जिथून गोळ्या घ्यायची त्याच खिडकीतून घेतात. बायको शेजारी पदर दातात धरून बसली होती. तिनं तर ना ट्रक पाहिला, ना अड्डा.

मी विचारलं, ते लाकूड कोणी केलं होतं, काही बोलली होती का?

"पूछा था हमने, किस कारीगर ने बनाया है। बोलीं, बाज़ार का है।"

मी मान हलवली. त्यानं माझे हात हातात घेतले, म्हणाला, तुमच्यासारखा भाऊ होता म्हणून दीदी एवढं करू शकली. ते मी ऐकून घेतलं. तो बायकोला घेऊन उठला, बस पकडायची होती... गल्लीच्या तोंडापर्यंत मी त्यांच्या मागं गेलो अन् परत आलो. आज लिहितो. हरप्रसाद वाचणार नाही, त्याला मराठी येत नाही. तरी लिहितो. ते बाजारचं नव्हतं. माझ्या हातचं होतं.

खोली रिकामी करताना झोळी खुंटीवर होती. संस्थेची बाई पाकिटं घेऊन गेली. लाकूड तेवढं माझ्याकडं राहिलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. दुकानात आणलं, शटर आतून ओढून घेतलं. म्हटलं, आता तरी पुरं करू. रेजमाल काढला, पहिला जाड, मग बारीक, ओळीनं मांडले. मग कापड सोडून त्यावरून अंगठा फिरवला... अन् गालाला लावून पाहिलं, म्हातारा माणूस, कोण बघतं. कुठं कुसळ नाही, रेशा नाही. बाभळीला अशी झळाळी मीही कधी आणली नाही. खरादीवरचं काम नव्हतं ते. हातानं, बसून, कितीतरी दिवस घासलेलं होतं. बुडाशी माझ्या पटाशीचा एक ओरखडा तेवढा राहिला होता. तिथवर तिचं बोट पोचलं नसावं, नाहीतर तिनं तो ठेवला असावा. मला माहीत नाही.

रेजमाल जागेवर ठेवून दिला. सवयीनं हात तेलाच्या चिंधीकडं गेला, बोट भिजलंसुद्धा. मग ते पायजाम्याला पुसलं.