एका ड्रॅगनचे दोन

खोकी बांधायच्या चिकटपट्टीचा वास आला, की मला कुवेतच्या मंगफ भागातला आमचा फ्लॅट आठवतो. वडिलांची नोकरी संपल्यामुळे शेजारची माझी मैत्रीण कुवेत कायमचं सोडून नाशिकला निघाली होती, आणि आम्ही दोघींनी वर्षभर खपून पकडलेला निळा ड्रॅगन माझ्या हातातल्या व्हिडिओ गेममध्ये होता. "ती चाललीय, देऊन टाक तिला," आई म्हणाली. का म्हणून? गेममध्ये एक गफलत होती: केबल जोडून ड्रॅगन तिच्या गेममध्ये पाठवताना नेमक्या क्षणी आपला गेम बंद केला, तर तो दोघींकडे राहायचा, क्षण चुकला तर कायमचा जायचा. रिफायनरीत इंजिनिअर असलेले बाबा ओरडले, "चालू मशीन मध्येच बंद करायचं नसतं!" एसीच्या घरघरीत, आमच्या हॉलमध्ये आणून ठेवलेल्या तिच्या घरच्या उघड्या खोक्यांच्या मधोमध बसून मी त्यांच्याकडे बघत बटण दाबलं. गेम पुन्हा सुरू केला, तर ड्रॅगन माझ्याकडे होता आणि तिच्याकडेही. "ही लबाडी आहे," बाबा म्हणाले. असेल. पण नोकरी संपली की आठ दिवसांत मैत्रीही खोक्यात भरायची, हा नियम मोठ्यांचा होता, आमचा नव्हता. त्या बटणाबद्दल मी बाबांची माफी अजून मागितलेली नाही.