दादरा, दादर नव्हे

दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमात पुढाऱ्याला पाहुणा सूत्रधार म्हणून बसवायची कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा आमच्या सामरवरणीच्या घरी जेवायला बोलवायचं आहे. वाढणार काही नाही, नुसतं ऐकवणार आहे.

एरवी तो कार्यक्रम एक हसरी बाई चालवते. फोन करणाऱ्या बायकांना आज काय रांधलंत विचारते आणि शेवटी माहेरच्यांशी दोन शब्द बोलू देते. सासूबाईंना ते दोन शब्दच हवे होते. त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान गेले, तेव्हा सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. धुळ्याला जाणं झालं नाही. तेव्हापासून बहिणीने अबोला धरलेला. फोन उचलत नाही, पण हा कार्यक्रम चुकवत नाही, असं भाचीकडून कळलेलं.

"टीव्हीवर बोलसू, मंग ती कशी बंद करी?" सासूबाई म्हणाल्या.

म्हणून मी रोज फोन लावत बसायचे. लागला तो नेमका त्या दिवशी. बाई रजेवर, आणि तिच्या खुर्चीत कडक इस्त्रीचे हे साहेब. आमच्या आधी फोन लागलेल्या बाईने गवारीची भाजी म्हटलं, तर यांनी स्वतःचं बालपण सांगितलं. माझा जीव तेव्हाच वैतागला होता.

"ताई, कुठून बोलताय?"

सामरवरणी गुजरातेला खेटून असली, तरी गुजरातेत राहता म्हटलं की सासूबाईंना राग येतो, म्हणून त्यांनी पूर्ण पत्ता घोकून ठेवला होता. "दादरा," त्या म्हणाल्या आणि श्वास घेतला. नगर हवेली यायच्या आत साहेबांनी शब्द पकडला.

"दादर! मग तुम्ही आपल्या घरच्याच की."

पुढे फूलबाजार, पार्किंग, फेरीवाले, त्यांनी केलेली कामं. सासूबाई मधूनमधून "नाही हो भाऊ, दादरा..." म्हणत राहिल्या. "दादरकरांचा आवाज आम्ही ऐकतोच," असं म्हणून साहेबांनी जाहिराती लावल्या. फोन कटला.

सासूबाई फोन हातात धरून बसल्या. "ती ऐकत व्हती," एवढंच म्हणाल्या. मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाच वर्षं लोकांचं ऐकायचं सोडून बोलतच असतात, निदान दुपारची ही एक खुर्ची तरी सोडावी.

तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं, परत वाहिनीवालेच. सासूबाईंनी स्पीकर लावला.

"आक्का, तू दादरले ऱ्हायाले गयी नि माले सांगं बी नही?"

मावशींचाच आवाज, चांगलाच तापलेला. सासूबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

"कोठलं दादर, येडी. मी आठेच शे. तू ये."

मावशी रविवारी आठेच, म्हणजे इथेच, येताहेत. आणि त्या पुढाऱ्याबद्दल वावगं बोलायला मला घरात बंदी आहे.