दुसऱ्या धुऱ्यावरून

आमच्याकडे कपाशी फुलीवर लावतात. म्हणजे वावरात आधी एका बाजूनं ओळी आखायच्या, मग त्यांना छेदत दुसऱ्या बाजूनं, आणि जिथं दोन ओळींची फुली पडते तिथं सरकी टोबायची. मग तण काढायला बैलांचा डवरा दोन्हीकडून फिरवता येतो. कोणती ओळ उभी नि कोणती आडवी, हे तुम्ही कोणत्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे आहात त्यावर ठरतं. देवळीजवळच्या आमच्या गावात यावरून कधी कोणाचं वाजलं नाही. माझं वाजलं, अकरावीत, वर्ध्याच्या कॉलेजात, गणिताच्या सरांशी.

मॅट्रिक्स म्हणजे चौकटीत मांडलेले आकडे. आडवी ती रो, उभा तो कॉलम. हे सरांनी ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी माझी बस चुकली होती. मी घरी पुस्तक उघडलं आणि माझ्या हिशेबानं चालले. ओळ म्हणजे जी आपल्या पायापासून समोर लांब जाते ती. त्यामुळं माझ्या सगळ्या रो उभ्या.

चाचणीत कितव्या रोत, कितव्या कॉलममध्ये कोणता आकडा येईल याचा एक नियम दिला होता. त्यानुसार नऊ घरं भरायची आणि त्यांचा डिटर्मिनंट काढायचा. नऊ आकड्यांतून शेवटी एकच आकडा उरतो, तो. सरांनी सगळ्यांचे पेपर वाटले, माझा स्वतःच्याच हातात ठेवला. चौकट पुरी चुकलेली आणि उत्तर मात्र अचूक, हे कसं, म्हणाले. कोणाचं पाहिलं ते सांग, नाहीतर उद्या वडिलांना घेऊन ये.

माझी सटकलीच. कॉपी आणि मी! पण रागाहून भीती मोठी, कारण अ‍ॅडमिशनच्या दिवशीच बाबांनी बजावलं होतं की शिक पोरी, पण कॉलेजातून एक तक्रार आली का दफ्तर घरी. बाबा बोललेलं फिरवत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. सकाळी डवरणी टाकून, लग्नाकार्यातला पांढरा शर्ट घालून ते माझ्यासोबत बसमध्ये बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

रिकाम्या वर्गात सरांनी बाबांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं माझं तोंड उघडलं.

"सर, दुसरं गणित द्या. इथंच करते मी."

सरांनी फळ्यावर नवा नियम लिहिला. मी माझ्या पद्धतीनं उभी उभी घरं भरली. सर हसले, पाहा, पुन्हा उलटंच. मी म्हटलं, पुढं करू तर द्या. खडू दोनदा तुटला. उत्तर आलं. सरांनी शेजारी बरोबर चौकट मांडून सोडवलं. तोच आकडा.

सरांनी कपाळावर हात मारला. उभ्याचं आडवं केलं तरी उत्तर बदलत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पुढच्याच आठवड्यात शिकवणार होते. पेपरांच्या गठ्ठ्यात ध्यानात आलं नाही, एवढंच. मला मात्र माहीत नव्हतं. मी मनानं आकडे घेतले, उभ्याचे आडवे केले, पुन्हा केलं. तोच आकडा! अंगावर सरसरून काटा आला.

"हे असं काऊन होते, सर?"

सरांनी एकेक गुणाकार सोडवून दाखवला. प्रत्येकात तीनच घरं. प्रत्येक रोमधून एक, प्रत्येक कॉलममधून एक, दुसरं नाही. अशी जितकी त्रिकुटं आडवं पाहून निघतात, तितकीच, तीच, उभं पाहूनही निघतात. मी फळ्याजवळ गेले आणि त्या घरांवरून बोट फिरवलं. म्हणजे कुठल्याही धुऱ्यावर उभं राहा, वावर तेवढंच! हे कोणी ठरवलं, कधीपासून असं आहे, आणि मी आजवर फुल्यांवरून चालत असताना मला कसं दिसलं नाही? मला रडू आलं. कॉपीच्या आळामुळं नव्हतं ते, आता ते आठवतही नव्हतं.

सर बाबांना म्हणाले की पोरीनं कोणाचं पाहिलेलं नाही, माझीच चूक झाली. चौकटीचे मार्क मात्र त्यांनी कापलेच. आडवं ते आडवंच, म्हणाले.

बाबांना यातलं काही कळलं नव्हतं. तरी सगळा वेळ ते फळ्याकडेच बघत बसले होते. स्टँडवर देवळीची गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग तक्रार होती का नाई?"

"नाई, बाबा."

ते गाडीत चढले, खिडकीशी बसले आणि मला खालीच थांबायची खूण केली.

"तू कुठं येऊन राह्यली? तुह्या कॉलेजचा टाइम झाला ना."