म्हशीनं खाल्लेली रोटी

शेजारच्या काकूंकडून आलेली रोटी आमच्याकडे अगोदर म्हशीला मिळायची. अगोदर म्हणजे काय, सगळीच म्हशीला मिळायची. त्या हिवाळ्यात म्हैस अशी तुकतुकीत झाली की आई तिच्याकडेही संशयानं बघायला लागली. आमच्या घरात ताक फुंकून प्यायची रीतच होती. दुधानं तोंड नेमकं कोणाचं पोळलं होतं, हे मात्र कोणाला आठवत नव्हतं.

राज्यांची नवी वाटणी झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. किनवट तालुका आमच्या जिल्ह्यातून काढून पलीकडे मराठी मुलखात दिला आणि बेल्याकडची आमची गावं इकडे तेलुगू राज्यातच राहिली. आईचं माहेर किनवटकडचं. "मले न पुसता माहं माहेर उचलून नेलं," असं ती म्हणायची, आणि ते कोणी नेलं याचा शोध घेता घेता तिची नजर शेजारच्या घरावर थांबली. तिथे समुद्राकडच्या तेलुगू मुलखातून बदलून आलेला एक कारकून बायकोला घेऊन राहायला आला होता. तो रोज काखेत रजिस्टर घेऊन गावात फिरे. कोणाच्या घरात कोणती भाषा बोलतात याची तो यादी करतो, अशी गावात कुजबुज होती. यादी कोणी पाहिली नव्हती. तरी तिच्यात आपलं नाव काय लिहिलंय, हे जो तो छातीठोक सांगे.

त्याची बायको, म्हणजे काकू, दिवसभर घरात एकटी असे. आमच्या दोन परसांच्या मध्ये पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळल्या काड्यांचं कुंपण होतं, आणि त्याला जिथे फट होती तिथे आईची बसायची जागा. त्या फटीतून तिनं पाहिलं की काकू उडदाची डाळ भिजवून वाटते, तिच्यात तांदळाचा रवा, जिरं, मीठ घालते, जाड कढईत तेल सोडून तो सगळा गोळा एकदमच थापते, वर पितळी ताट झाकते आणि त्या ताटावर चुलीतले निखारे मांडते.

"खाली इस्तो, वर इस्तो," आई बाबांना म्हणाली. "अन मदी उडीद. सांगा आता, हे काय करून राह्यली ते."

उडीद मंतरून कोणाच्या दारात टाकतात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. बाबा हसले. तेलुगू लोक त्याला दिब्बरोट्टे म्हणतात, बाजारातल्या माणसानं सांगितलं, म्हणाले. त्या माणसाला ते कोणी सांगितलं, असं आईनं विचारलं.

मला मात्र त्या घराची गरज होती. आमच्या शाळेत मराठी वर्ग पाचवीपर्यंतच होते, पुढचं सगळं तेलुगूत. बाबांचं किराणा दुकान. लहानपणी ते उर्दूत शिकले, आणि शिकून होतात न होतात तोच ते उर्दूवालं सरकार गेलं. भाषेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी अट घातली. जूनपर्यंत तेलुगू धडा घडाघडा वाचून दाखवशील तर पुढं शाळा, नाही तर घरी बस. घरी बसणं म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांत लग्न. मला शाळा हवी होती. इतकी हवी होती की मी स्वतःच कुंपणाच्या फटीतून हाक मारून काकूंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. आईला तेवढंच पुरेसं होतं. एवढ्या लवकर कोणी हो म्हणतं?

शेवटी तिनं परवानगी दिली, पण बजावून. "अक्षरं आन त्यायच्या घरून. पन मीठ खाऊ नोको. एकडाव मीठ खाल्लं का मंग त्यायच्या तोंडावर बोलता येत नाई. उद्या त्यायनं इचारलं, तुमी कोनीकडचे, त मंग?"

मी रोज दुपारी जायची. काकू पाटीवर गोल गोल अक्षरं काढून द्यायच्या, मी गिरवायची. शनिवारी रोटी व्हायची. ताट उचललं की वास असा यायचा की पाटीवरचं अक्षर दिसेनासं व्हायचं. कडेनं लालबुंद, खरपूस, आतून मऊ. काकू तुकडा पुढं करायच्या, मी पोट दुखतं म्हणायची. दर शनिवारी पोट दुखायचं. घरी नेण्यासाठी त्या वाडग्यात अर्धी रोटी घालून द्यायच्या. ती गोठ्यात जायची, आणि रिकामं भांडं परत करू नये म्हणून त्यात मूठभर तूर घालून आई मला पुन्हा पिटाळायची. सोबत निरोप असायचा. कधी "जिरं मस्त लागलं", कधी "खमंग भाजली". खोटं बोलण्यात आई कच्ची नव्हती, दर वेळी निराळं सांगायची.

मग एकदा काकूंनी विचारलंच, दर शनिवारीच कसं दुखतं? मी तोवर थोडंफार बोलायला लागले होते. मिरवायची हौस भारी. मी ताठ बसून माझं तेलुगूतलं पहिलं पूर्ण वाक्य बोलले, "मी उप्पु तिनकूडदु." तुमचं मीठ खायचं नाही. एकही चूक झाली नव्हती. शाबासकीची वाट बघत मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या पुढचं अक्षर काढायला लागल्या. हे मी घरी सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी रोटी धड्याच्या अगोदरच आली, गोठ्यात गेली. मी तूर घातलेलं वाडगं घेऊन धड्याला गेले आणि निरोप सांगितला. "आई म्हणाली, मीठ अगदी बेताचं झालं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून कढईतल्या त्यांच्या वाटणीचा तुकडा मोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "तिनु," म्हणाल्या. मी खाल्ला. त्यात मीठ नव्हतं. कणभरही नव्हतं. आम्हाला त्यांचं मीठ चालत नाही, म्हणून त्यांनी बिनमिठाची भाजली होती. आणि नवरा-बायको दुपारी तीच अळणी रोटी जेवले होते.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाटी ओल्या फडक्यानं पुसली, माझ्या हातात दिली. "रेपु रावद्दु." उद्या येऊ नको. एवढं तेलुगू मला आता कळत होतं.

मी रडत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. मार बसेल असं वाटलं होतं. आई चुलीपाशी बसली. मग म्हणाली, "मुद्दाम केलं असन तिनं. आपल्याले पकडाले." थोड्या वेळानं उठली, डोक्यावर पदर घेतला आणि निघाली. कुंपणाच्या फटीतून नाही, समोरच्या दारानं. तोवर ती त्या दारात कधी गेली नव्हती.

मी मागोमाग. आई आत जाऊन चुलीसमोर मांडी घालून बसली. काकू उभ्याच. आता संशयानं बघायची पाळी त्यांची होती. आईनं कढईकडे बोट केलं. काकूंनी उरलेली रोटी ताटलीत दिली. आईनं एक घास खाल्ला, सावकाश चावला, गिळला.

"मीठ नाई हिच्यात," ती म्हणाली. आणि हात पुढं केला. "दे वं थोडं. तुह्या घरचं."

काकूंनी बरणी आणली. आईनं मीठ भुरभुरून सगळी रोटी संपवली, बोट ताटलीतून फिरवून चाटलं. मग म्हणाली, "उडीद जुने हायत तुये. पोरगीले उद्या धाडतो."

जूनमध्ये मी बाबांसमोर धडा वाचला आणि शाळेत बसले. वर्षभरानं काकूंची बदली झाली. ते रजिस्टर कशाचं होतं, ते अजून कोणाला माहीत नाही. ती रोटी मी आता गॅसवर करते, मंद आचेवर, निखाऱ्यांवाचून, आणि एक तुकडा चाखल्याशिवाय कोणाच्या पानात वाढत नाही. आईला ती त्या दिवशी खरंच आवडली होती, की तिनं ती फक्त माझ्या शाळेसाठी गिळली, हे मी तिला कधी विचारलं नाही. आवडली, असंच ती म्हणाली असती. आणि माझा विश्वास बसला नसता.