पोटाला बांधलेलं पातं

आधीच सांगून टाकतो — भूत, भानामती, करणी, उतारा, यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही. उलट असल्या गोष्टी रचून दुसऱ्यांना सांगणारा माणूस मीच. ब्रह्मपुरीत मला ओळखणारे कोणी हे वाचत असतील तर नाव बघूनच म्हणतील, "हा? हा फेकते." खरं आहे. वैनगंगेत मी पकडलेला मासा दर वर्षी वीतभर वाढतो, सध्या तो मोटरसायकलवर मावत नाही. पण खाली लिहिलंय त्यात मी एक बोटसुद्धा वाढवलेलं नाही. उलट थोडं कापलंच आहे... नाहीतर तुम्ही मध्येच सोडून उठाल.

मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट. अकरा वर्षं झाली या कामाला. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण नोकरी अजून तिथेच आहे आणि ती मला हवी आहे. नागभीड, सिंदेवाही, आणि नदीपलीकडून पार गडचिरोलीच्या जंगलातले पेशंट आमच्याकडे येतात.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एमआरआय म्हणजे एक प्रचंड चुंबक, मधोमध माणूस सरकेल एवढा बोगदा. लोकांना वाटतं स्कॅन सुरू केला की चुंबक सुरू होतं. नाही हो. ते चोवीस तास सुरूच असतं. दिवाळीतही, लाईट गेली तरीही. लोखंड घेऊन दारातून आत पाऊल टाकलं की ती वस्तू तुमची राहिली नाही. केसात एक पिन राहिली तर फोटोत अर्धं डोकं काळं येतं. मोठी वस्तू असली तर ती उडते, आणि वाटेत कोण आहे हे बघत नाही.

म्हणून आत नेण्याआधी अंगावरचं सगळं काढायला लावायचं असतं. पण "लोखंड आहे का?" असं नुसतं विचारून आमच्याकडे कोणी कबूल होत नाही. मग मी माझी पद्धत काढली — गोष्ट सांगायची. एक भाऊ कमरेला अडकित्ता लपवून आत गेला. अडकित्ता उडाला, अडकित्त्यामागे भाऊ उडाला, धोतर मशीनला चिकटलं आणि भाऊ पलीकडच्या भिंतीला. असला भाऊ कधी झालाच नाही. पण गोष्ट संपेपर्यंत माझ्या टेबलावर चाव्या, तावीज, नाणी, चुन्याच्या डब्या यांचा ढीग लागायचा. एका आजोबांनी तर घाबरून दातांची कवळी काढून ठेवली होती. लोखंड शोधायचं हातातलं यंत्र होतं आमच्याकडे, पण ते चार्ज करायचा मला कंटाळा. म्हणायचो, यंत्र कशाला, माझं तोंड आहे ना.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. ऊन असं की बाहेर उभ्या गाड्यांचे टायर मऊ पडावेत. शेजारच्या दवाखान्यातून एक बाळंतीण आणली. मैना तिचं नाव, वय विशीच्या आसपास, धानोऱ्याच्याही पलीकडचं जंगलातलं गाव. पोर नऊ दिवसांचं. चार दिवसांपासून डोकं ठणकत होतं, सकाळी दोनदा झटके आले आणि उजवा हात लुळा पडला. सोबत तिची आई, दवाखान्याच्या सिस्टर, आणि बाहेर बाकड्यावर पोराला छातीशी धरून बसलेला नवरा.

डॉक्टरांचा फोन आधीच आला होता. सीटी स्कॅनमध्ये नीट काही कळलं नव्हतं. डोक्यातल्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ताबडतोब रक्त पातळ करायचं औषध द्यायचं. पण गुठळी नसून दुसरंच काही निघालं, तर तेच औषध तिच्या जिवावर उठेल. "तुझा फोटो बघितल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही," डॉक्टर म्हणाले. म्हणजे ती पोरगी वाचणार की नाही, हे त्या अर्ध्या तासावर होतं.

बायकांच्या अंगावरचं तपासायला आमच्याकडे एक आया असतात. त्या दिवशी त्या पुतणीच्या लग्नाला गेलेल्या. मैनाच्या आईनंच तिला गाऊन घातला. पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती — बाळंतिणीचं पोट बांधतातच. सिस्टर म्हणाल्या, सोडताना पोरगी कळवळते, राहू दे. मी म्हटलं, राहू दे. कपडाच तर आहे.

मग मी तिच्या आईला माझी गोष्ट सांगितली. अडकित्ता, भाऊ, भिंत. हातवारे करून, आवाज चढवून. बाई बारीक, काळीसावळी, हातांवर कोपरापर्यंत गोंदण. पापणी न हलवता ऐकून घेतलं. मी विचारलं, काही आहे का पोरीजवळ?

"काई नाई, भाऊ," ती म्हणाली.

मी मैनाला आत घेतलं. आई दारापर्यंत आली. पोरीच्या पोटावर हात ठेवून गोंडीत काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल. घेऊ दे. दार बंद केलं आणि काचेमागच्या खोलीत येऊन बसलो. बाई माझ्या शेजारच्या स्टुलावर, सिस्टर मागे उभ्या. पहिलं चित्र आलं, दुसरं आलं... आणि काय सांगू, असे फोटो मी अकरा वर्षांत काढले नाहीत. झटके येणारा पेशंट हलतो, फोटो फिसकटतो. ही पोरगी पंचवीस मिनिटं दगडासारखी पडून होती. शिरांचा नकाशा स्क्रीनवर उजळला, आणि डोक्याच्या वरच्या मोठ्या शिरेत, जिथे रक्त दिसायला हवं, तिथे ती गुठळी... मला कळली, म्हणजे बघा. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन मिनिटांत डॉक्टरांना फोन लावला.

मैनाला बाहेरच्या खोलीत स्ट्रेचरवर घेतलं. मशीनच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाहेर पोर रडायला लागलं होतं. आईनं पोरीला थोडं मोकळं वाटावं म्हणून पोटाची पट्टी सोडायला घेतली. एक वेढा, दोन वेढे, पाच, सात... शेवटच्या वेढ्यातून तिनं फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि स्वतःच्या पदरात घेतली. फडकं सरकलं.

मूठ काढलेल्या विळ्याचं पातं. माझ्या पंजाएवढं. गावच्या लोहारानं ठोकलेलं, काळं.

मला आधी कळलंच नाही मी काय बघतोय.

"बाई... हे कुठं होतं?"

"पोटाले बांधलं होतं."

"कधीपासून?"

"बाळंत झाली तवापासून. बाळंतीन बाईले आमी लोखंडाबिगर नाई ठेवत, भाऊ."

"मी विचारलं होतं ना तुम्हाला! इतकी गोष्ट सांगितली..."

"गोष्ट खोटी होती," बाई शांतपणे म्हणाली. "धोतरासंगं मानूस उडते का कुठी? मले वाटलं, हा भाऊ भेवाडते नुसता. अन् सांगतलं असतं तं तुमी काढून ठेवलं असतं."

हे ऐकून मला जमिनीनं गिळावं असं वाटलं. कारण बाई बरोबर होती. अकरा वर्षं मी माझ्या फेकाफेकीवर खूश होतो, आणि त्याच फेकाफेकीमुळे खरा धोका तिला थाप वाटला. हे पातं आत उडालं असतं तर... पातं होतं कुठे? नुकत्याच बाळंत झालेल्या पोरीच्या पोटावर. पुढचं मी लिहीत नाही.

पण उडालं का नाही? पंचवीस मिनिटं! आणि फोटो इतके स्वच्छ कसे? मनात एकच उत्तर आलं — हे लोखंड नसणारच. दुसरा कुठला तरी धातू असेल. आणि मग मी तो गाढवपणा केला जो शिकाऊ पोरंही करत नाहीत. पातं बाईकडून मागून घेतलं, चिमटीत घट्ट धरलं, आणि "बघू तरी" म्हणत मशीनच्या उघड्या दाराकडे गेलो.

उंबरठा ओलांडायचाही होता अजून. हाताला असा हिसका बसला की खांदा निखळला असं वाटलं. तळहातात आग पेटली. काही दिसलं नाही, फक्त आवाज आला — ठण्ण. बघतो तर पातं बोगद्याच्या तोंडाशी आडवं चिकटलेलं, आणि माझ्या हातातून रक्त फरशीवर. सिस्टरच्या हातून स्ट्रेचरवरची चादर गळून पडली. मॅडम आतून धावत आल्या. मला एक थापही सुचली नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना एवढं वाचूनच ही गोष्ट अमानवीय वाटेल.

तळहातावर टाके पडले. मैनाला त्याच दुपारी औषध सुरू झालं.

दोन दिवसांनी नागपूरहून इंजिनीअर आला. तोवर स्कॅन बंद, पेशंट दुसरीकडे. चौघांनी सुताच्या दोराला लटकून, लाकडी फळी घालून ते पातं कसंबसं सोडवलं. मग त्यानं मैनाचे फोटो बघितले. पुन्हा बघितले. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, हे पातं पेशंटच्या पोटावर होतं हे शक्यच नाही. एवढं लोखंड बोगद्यात असतं तर फोटो असे आलेच नसते. आणि त्याआधी ते उडालं असतं. त्या बाईनं स्कॅननंतर पट्टीत घातलं असेल... नाहीतर तुम्हीच खिशात घालून आत गेलात आणि आता गोष्ट रचताय.

मी चिडलो नाही. माझी ख्यातीच तशी. पण बाई पूर्ण वेळ माझ्या शेजारी स्टुलावर होती, मैना आत एकटी, आणि पट्टी सुटली ती माझ्या डोळ्यांसमोर. शिवाय सिस्टरनी जे सांगितलं त्यावर इंजिनीअरनं फोटो तिसऱ्यांदा उघडले. पट्टी सुटली तेव्हा मैनाच्या पोटावर पात्याचा अख्खा ठसा उठलेला त्यांनी पाहिला होता. वाकडं टोक, बोथट पाठ, सगळं. लालभडक. संध्याकाळपर्यंत तो गेला नव्हता. कितीही घट्ट बांधा, कपड्यानं एवढा ठसा उठत नाही. खूप जोरानं दाबून धरल्याशिवाय नाही उठत.

आणि मैना थोडी सावरून बोलायला लागली तेव्हा सिस्टरनी तिला सहज विचारलं होतं, मशीनमध्ये भीती वाटली का? ती म्हणाली, आवाज लई होता. पन पोटावर कोनाचा तरी हात होता. दाबून धरला होता पक्का, म्हनून हालली नाई.

सिस्टरनी विचारलं, कोणाचा हात? तिला माहीत नव्हतं.

नंतर मी बरेच हिशेब मांडले. पुस्तकं काढली, नागपूरच्या जुन्या सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, हल्ली घेतोस का रे? पट्टी घट्ट होती म्हणून पातं उडालं नाही, असं मानू. मग फोटो? फोटो कसेबसे जुळवून आणले, तर तोच तुकडा माझ्या हातून दारातच कसा सुटला? एक प्रश्न दाबला की दुसरा उभा राहतो. मॅडमनी विषय बंद केला. मी लोखंड शोधायचं यंत्र रोज सकाळी स्वतः चार्ज करतो, आणि अडकित्तेवाल्या भाऊची गोष्ट सांगणं बंद केलंय. आता एवढंच सांगतो — लोखंड राहिलं तर माणूस मरेल. साधं, कोरडं. लोक ऐकतात.

उत्तर माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा, मी वाचेन. पण एका माणसाला मी विचारलं होतं, तेवढं सांगून थांबतो.

स्कॅननंतर बाराव्या दिवशी मैनाला सुट्टी मिळाली. उजव्या हातानं पोराला थोडं तोलता येत होतं तिला. जीप बाहेर उभी होती. तिची आई आमच्या सेंटरमध्ये आली आणि म्हणाली, आमचं पातं द्या, भाऊ, मूठ बसवाची आहे. मी ते रद्दी पेपरात गुंडाळून ठेवलं होतं. देताना विचारलं, बाई, त्या दिवशी दारात तुम्ही काय पुटपुटला होतात?

"त्याले सांगतलं."

"कोणाला? देवाला?"

"इळ्याले. म्हनलं, पोरगी भायेर येतवरी हालू नको."

मी पट्टी बांधलेला माझा हात वर केला. म्हटलं, आणि माझ्या हातात होतं तेव्हा?

बाईनं हाताकडे बघितलं. खरंच वाईट वाटलं तिला, चेहऱ्यावर दिसलं.

"तुमच्यासाठी काई बोलली नव्हती न मी, भाऊ."