विनीत धुरीचं न्यूझीलंड

विनीत धुरीने आयुष्यात एकदाच राजकीय भूमिका घेतली, आणि तीही तोंडात गरम शिरा होता म्हणून. त्या भूमिकेपायी चुलतभावाशी बोलणं तुटलं, सोसायटीत मान खाली घालून फिरायची वेळ आली आणि आता तो बायको-मुलीला घेऊन न्यूझीलंडला निघालाय. यात नेमकं कुठे काय बिघडलं असं त्याला विचाराल, तर तो आधी डोकं खाजवेल आणि मग तुम्हालाच विचारेल.

तसा माणूस साधा. परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढतो. 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' एवढं दिवसभर बोलायचं आणि संध्याकाळी चालत लालबागला घरी यायचं. मूळ गाव मालवणकडचं. वडील गिरणीत, काकाही गिरणीत, दोघांची बिऱ्हाडं एकाच चाळीत समोरासमोर. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा काकांचा दीपक सहाव्या मजल्यावर गेला आणि विनीत अकराव्या, एवढाच काय तो दुरावा. दीपक वयाने थोडा मोठा. विनीत बारावीला आपटला तेव्हा घरी सांगायला दीपकच गेला होता, आणि विनीतच्या वाटची पहिली थप्पडही त्यानेच खाल्ली होती.

दीपकला दोन नाद. एक पक्षाचा, दुसरा गाऱ्हाण्याचा. सोसायटीच्या सत्यनारायणाला आरती झाली की हातात नारळ घेऊन सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. पूर्वी हे दीपकचे वडील, सीतारामकाका करत. नारळ फुटेपर्यंत शिऱ्याला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक.

गेल्या वर्षी निवडणूक तोंडावर होती. दीपक एका साहेबांचा, नवव्या मजल्यावरचा शंतनू दुसऱ्या साहेबांचा, आणि हे दोन्ही साहेब कालपरवापर्यंत एकाच स्टेजवर एकमेकांना हार घालत होते. विनीतला दोघांचंही ऐकताना पटायचं आणि घरी आल्यावर दोघांचाही राग यायचा.

पूजेत शिऱ्याचं काम विनीतकडे होतं. टोपाच्या कडेला लागलेला, तुपाने चकचकणारा एक गोळा दिसला आणि गड्याचा तोल गेला. गोळा तोंडात टाकून तो साळसूदपणे पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा," दीपकने सुरुवात केली, "लेकरांनी केलेली वेडीवाकडी सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दोन लिफ्टांतली एक तरी चालू ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यांत मोठा.

"आणि येत्या निवडणुकीत आमच्या सायबांका गुलाल लागू दे रे म्हाराजा!"

अर्धे लोक ओरडले, अर्धे गप्प. पुढच्या रांगेत विनीत ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी आणून उभा. शिरा गिळवत नव्हता आणि टाळूला चटके बसत होते. दीपकने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता की हसू, हे विनीतला कळलं नाही.

प्रसादाच्या रांगेत शंतनूने त्याचा हात धरला. "भावा, मानलं तुला! एवढ्या पब्लिकसमोर गप राहायला दम लागतो."

इथेच खरं सांगून मोकळं व्हायचं होतं. पण चाळिशी उलटली तरी विनीतला कुणी 'मानलं' म्हटलं नव्हतं. तो नुसता हसला. शंतनूच्या खांद्यावरून त्याला दीपक दिसला. दीपक बघत होता, मग पाठ फिरवून निघून गेला.

पुढे जे व्हायचं ते झालं. लिफ्टमध्ये भेट झाली की दीपक मोबाइलमध्ये डोकं घालायचा. दिवाळीला काकीकडून वर येणारा कडक बुंदीच्या लाडवांचा डबा आला नाही. विनीत ईर्ष्येने शंतनूच्या मीटिंगांना जाऊ लागला. एके दिवशी त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी दीपकच्या फोटोखाली घाणेरडं काहीतरी लिहिलं. 'तो माझा भाऊ आहे,' विनीतने उत्तर टाकलं. शंतनूचा फोन आला. "आधी ठरव, भाऊ की विचार?"

विनीतला आपले विचार कोणते हेच आठवेना. तो ग्रुपमधून बाहेर पडला आणि आता इकडचे त्याला तिकडचा समजू लागले, तिकडचे इकडचा. तोंड रिकामं असतं तर आपण काय केलं असतं, हा भुंगा वेगळाच. एकदा आंघोळ करताना त्याने 'व्हय म्हाराजा' म्हणून बघितलं. बरं वाटलं. मग गप्प राहून बघितलं. तेही बरं वाटलं.

अशातच मेघना, त्याची बायको, न्यूझीलंडचं बोलू लागली. ती नर्स, तिची मैत्रीण आकांक्षा तिथे स्थिरावलेली. विनीतने एकदम उचल खाल्ली.

"चल, जाऊच. तिकडे कोण विचारत नाही, तू कुणाचा म्हणून."

"तिकडे तुला कोण ओळखतच नाही, विचारणार कशाला?" मेघना म्हणाली. "हे बघ, मला पगारासाठी जायचंय, मनवाच्या शिक्षणासाठी जायचंय. तुला जायचंय की रुसायचंय, ते तू ठरव."

त्याचं ठरेपर्यंत व्हिसा आला. जायचं म्हटलं की काकीचे लाडू आठवायचे, राहायचं म्हटलं की लिफ्ट आठवायची. आठवड्यावर विमान आलं तरी बॅगा भरणारा हा माणूस मनवाला विचारत होता, "आपण नक्की का जातोय गं?"

त्याच आठवड्यात पूजा आली. विनीत जाणार नव्हता. मेघनाने हात धरून खाली आणला, तेव्हा तो अगदी मागे, खुर्च्यांच्या ढिगाऱ्याला टेकून उभा राहिला. यंदा कमिटीने आधीच बजावलं होतं, गाऱ्हाण्यात राजकारण नको. दीपकने शहाण्यासारखी पोरांची लग्नं मागितली, लिफ्ट मागितली. संपलं असं वाटत असताना तो थांबला, नारळ छातीशी धरला आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"आणि म्हाराजा, आमचो एक भाव बायल-पोर घेवन समुद्रापलीकडे चल्लो हा. कशाक चल्लो, ता माका कळूक नाय. त्येका सुखरूप पोचव, सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दोन्ही तट ओरडले. शंतनूसुद्धा. वर्षभरात पहिल्यांदा अख्खी सोसायटी एका आवाजात बोलली, आणि ती विनीतला निरोप द्यायला. त्याला रडू आलं, रागही आला. एक जणही कसं 'नको जाऊ' म्हणत नाही? त्याचे ओठ मिटलेलेच राहिले. व्हय म्हटलं की जाणं पक्कं, असं उगाचच त्याच्या मनात आलं.

दीपकने नारळ फोडला नाही. गर्दीतून वाट काढत तो मागे आला आणि विनीतच्या समोर उभा राहिला.

"विन्या, गेल्या वर्सा तुझ्या तोंडात शिरो होतो."

विनीतचा हात आपसूक गालावर गेला.

"गालाचो फुगो माका तेव्हाच दिसलो होतो. हसू दाबून नारळ फोडलो मी. माका वाटला, रात्री येशीत, सांगशीत, दोघां मिळून हसू." दीपकने नारळ दुसऱ्या हातात घेतला. "आणि तू त्या शंतनूशी हात मिळवलास. वर्षभर वाट बघितली रे मी."

मेघनाने मनवाचा हात घट्ट धरला होता.

"आता बोल," दीपक म्हणाला, "ह्या वर्सा पण व्हय म्हणूक नाय तू, तोंडात काय हा?"

विनीतने लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं.