हिरडवणकरांची हाक

महाडात आडनावांची काही टंचाई नाही. बाजारपेठेत उभं राहून 'ओ देशमुख' अशी हाक मारली तर निम्मी माणसं वळून बघतात, 'ओ मुकादम' म्हटलं तर उरलेली. 'ओ हिरडवणकर' म्हटलं की मात्र एकच माणूस वळायचा. टेंपोवाला सईद. त्याचा एक फायदा होता. नुसतं 'हिरडवणकर, महाड' लिहिलेलं पाकीटही पोस्टमन डोळे मिटून त्याच्या दारात टाकायचा. तोटे बाकी भरपूर.

शाळेत असताना हिरड्याचा गुण पोरांना त्यांच्या आज्यांनी शिकवलेला होता. सईद वर्गात शिरला की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "आला रे आला, पोट साफ!" तो घरी येऊन बापाला विचारायचा, "आपलं गाव कुठचं?" इब्राहिम विडी ओढत पोलादपुराच्या दिशेला हात करायचा. "वर. डोंगरात. हिरड्याची झाडं होती म्हणे." याहून जास्त त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि विडी संपली की विषयही संपायचा.

लग्न झालं ते नसीबाशी, आणि नसीबा माहेरची मुकादम. मुकादमांच्या घरी कार्य निघालं की मंडप कमी पडायचा. "तुमच्या घराण्याला एक बाकडं पुरतं," ती चिडवायची, "तेपण अर्धं रिकामं." सईद हसायचा. पण सादिया आणि सुम्बुल या दोन पोरी झाल्यावर त्याचं हसू थोडं आखडलं. पोरी गुणाच्या होत्या, तक्रार अशी नव्हतीच. पण त्या लग्न होऊन जातील आणि देशमुख नाहीतर मुकादम होतील. हिरडवणकर हे नाव राहील एकट्या त्याच्यापाशी, आणि एक दिवस त्याच्याबरोबर कबरस्तानात जाईल. ते कुठून आलं होतं हेसुद्धा कुणाला न कळता. ही गोष्ट त्याला घाटात एकटा असला की छळायची.

म्हणून तो विचारत सुटला. टेंपोत कौलं असोत, खताची पोती असोत की नवरीचं कपाट, उतरवून घेणाऱ्याला त्याचा एक प्रश्न ठरलेला. "तुमच्याकडं हिरडवण नावाचं गाव हाय का हो?" माणसं डोकं खाजवायची. एकाने तर विचारलं, "जमीन घ्यायची हाय काय?" यष्टीच्या पाटीवर ते नाव नव्हतं, तहसीलच्या नकाशातही नव्हतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. सिमेंटचे पत्रे घेऊन तो वर निघाला होता. महाडच्या बाजारातून सुकी मासळी घेतलेली आसनवाडीची प्रयागबाई पुढे त्याच्या शेजारी बसली होती. पोलादपूरच्या नाक्यावर कुणीतरी हाक मारली, "ओ हिरडवणकर, परतीला माझी पोती घ्या!" सईदने हात हलवला. म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघायला लागली.

"तू हिरडवणकर रे?"

"हाय. का?"

"नारळाचा?"

"आई, टोपलीत सुकट हाय, नारळ कुठला काढलास?"

"अरं, आमच्या शिमग्याला तुझं नाव पुकारतात!"

सईदने कचकन ब्रेक दाबला. मागे पत्र्यांवर बसलेल्यांनी त्याच्या कुळाचा जो उद्धार केला, त्यात नवं असं काही नव्हतं.

आसनवाडी अख्खी सकपाळांची. खालचे सकपाळ, वरचे सकपाळ, विहिरीवरचे सकपाळ. तिथली रीत अशी, की शिमग्याला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की गुरव एकेका घराला हाक मारतो. घरातला माणूस "हाय!" म्हणून पुढे होतो आणि नारळ घेतो. जे मुंबईला गेलेत त्यांच्यासाठी शेजारी ओ देतो, पण हाक कुणाची चुकत नाही. घर पडलं तरी हाक पडत नाही. सगळे सकपाळ संपले की शेवटी गुरव वरच्या उताराकडे तोंड करून पुकारायचा, "हिरडवणकर!" आणि म्हातारे कोंडाजी सकपाळ म्हणायचे, "हाय!" त्यांच्याआधी त्यांचे वडील म्हणायचे.

"पण आम्हाला मान कशाचा?" आसनवाडीत पोचल्यावर सईदने विचारलं.

कोंडाजी म्हणाले, पुरात पालखी वाहून चालली होती, ती हिरडवणकराने धरली. विहिरीवरच्या सकपाळांच्या मते दुष्काळात त्याने गावाला भात दिलं होतं. गुरवाने दोन्ही गोष्टी खोट्या ठरवल्या आणि खरं काय ते स्वतःला आठवत नाही असं सांगितलं. एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, की वरच्या उताराचं नाव हिरडवण, आणि तिथे राहून हिरडे गोळा करून महाडच्या बंदरावर पाठवणारं एक मुसलमान घर होतं. गाव असं ते कधी नव्हतंच. एका घराचं गाव.

सईद वर चढून गेला. हिरड्याची झाडं होती, दगड होते, पण कुठला दगड जोत्याचा आणि कुठला डोंगराचा, ते दगडांनाच ठाऊक. एका सपाट जागेवर तो बराच वेळ बसला. दार कुठल्या अंगाला असेल याचा त्याने अंदाज बांधला, मग मोडला, मग दुसरा बांधला.

त्या शिमग्याला तो नवा शर्ट घालून गेला. "आज ओ तू द्यायचीस," कोंडाजींनी बजावलं होतं. एकेक सकपाळ नारळ घेऊन बाजूला झाला. गुरवाने उताराकडे तोंड केलं. "हिरडवणकर!"

"हाय!" कोंडाजी ओरडले.

सईदचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. माणसं हसून आडवी झाली. कोंडाजींनी जीभ चावली. "सवय रे बाबा, तोंडातून सुटलं. पुन्हा पुकार रे गुरवा!"

"हाक एकदाच," गुरव म्हणाला. "देव काय बहिरा हाय? पुढल्या साली."

पुढच्या साली सईद सौदीत दम्मामला होता.

पोरींची शिक्षणं होती, टेंपो जुना झाला होता आणि नसीबाच्या एका मुकादमाने व्हिसा काढून दिला होता. तिकडच्या कार्डावर त्याचं नाव होतं सईद इब्राहिम. मुकादमाने, म्हणजे तिथल्या कामावरच्या, हिरडवणकर हा शब्द एकदा तोंडात घोळवून बघितला आणि सोडून दिला. तिथे त्याला सगळे ड्रायव्हर म्हणायचे. वर्षं जात राहिली. टँकर चालवताना त्याला वाटायचं, आपलं नाव आता जगात एकाच जागी उच्चारलं जातं, वर्षातून एकदा, आणि तिथे आपण नाही. फाल्गुन आला की शुक्रवारी टेलिफोनच्या रांगेत उभा राहून तो नसीबाला पहिलं हेच विचारायचा. "शिमगा झाला? पुकारलं?"

"पुकारलं. कोंडाजीकाका 'हाय' म्हणाले. नारळ पाठवलाय," ती सांगायची. मग तो पोरींची चौकशी करायचा.

दोन हजार एक साली मात्र ती म्हणाली, "काका आजारी. पोलादपूरला दवाखान्यात ठेवलंय. नारळ कोण आणणार? म्हणून मी नि सादिया गेलो."

सईदने रिसीव्हर कानाला घट्ट लावला. "मग ओ कुणी दिली?"

"गुरवानं पुकारलं. कुणीच बोलंना. सगळे सकपाळ एकमेकांची तोंडं बघतायत, तू दे, तू दे."

"म्हंजे तशीच गेली हाक?"

"जाते कशी! तुमची लेक पुढं झाली. एवढ्यानं ओरडली 'हाय', की ढोलवाल्याचा हात थांबला. एक सकपाळ म्हणाला, पोरीनं कसं? तर गुरव त्याच्यावरच खेकसला. घराला पुकारलंय, घरानं ओ दिली, नारळ दे तिला."

पाठीमागे उभ्या असलेल्या केरळच्या ड्रायव्हरने बूथच्या काचेवर टकटक केली. सईदने त्याला हातानेच थांब म्हटलं.

"तिला दे फोन."

"अब्बा?"

"कसं म्हणालीस गो?"

"कसं म्हंजे? हाय म्हणाले."

"म्हण ना."

"आता? अब्बा, इथं शेजारचे टीव्ही बघायला बसलेत!"

"हळू म्हण."

काचेवर पुन्हा टकटक झाली. महाडच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला, एक दार लोटल्याचं ऐकू आलं. मग सादियाने घसा खाकरला.